तड्याची सुरुवात वेल्डिंगच्या टोकापासून

शिवशरण मामा,

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी कंपनीनं तुमची शोकसभा घेतली. जेवणाच्या सुट्टीत, पेंट शॉपच्या मोकळ्या जागेत. आठ महिन्यांपूर्वी ज्या गेटवर वॉचमननं आडवा हात लावून तुम्हाला थांबवलं होतं, त्याच गेटातून तुमचा फोटो रिक्षातून आत आला. आधारकार्डावरून मोठा केलेला. त्यात तुम्ही नुकतीच कुणाची तरी बोलणी खाल्ल्यासारखे दिसत होता. मॅनेजरसाहेबांनी हार घातला आणि म्हणाले की असा वेल्डर पुन्हा होणे नाही. मग दोन मिनिटं शांतता पाळायची म्हणाले. ती मिनिटभरातच संपली, कारण समोसे गार होत होते.

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, "मामांकडून खूप शिकायला मिळालं," एवढं म्हणाले आणि बसले. शेजारच्यानं माझ्या हातात कागदावर समोसा ठेवला. मी तो खायला लागले. अर्धा संपल्यावर भानावर आले. मागच्या नळावर जाऊन सगळं ओकून टाकलं, चूळ भरली, तरी तोंडातला तेलकटपणा जाईना. दुसऱ्यांची किळस येते तेव्हा माणूस चार पावलं लांब जाऊन उभा राहतो. मला लांब जायला जागा नव्हती. त्या सभेतली सगळ्यात घाण गोष्ट माझ्याच अंगावरचे कपडे घालून उभी होती.

आपली ओळख नऊ वर्षांची. आपली कंपनी टिपरच्या बॉड्या बनवणारी. खडी-मुरूम भरायचा मागचा हौदा आणि तो उचलून ओतायची सगळी जोडणी. तुम्ही तिथले सगळ्यात जुने वेल्डर, मंगळवेढ्याकडच्या गावातून आलेले. मी क्वालिटी विभागातली इंजिनिअर, यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या बापाची मुलगी. आमच्या घरात तेलुगू बोलतात हे कळल्यापासून तुम्ही रोज दुपारी डबा उघडायच्या आधी लांबूनच विचारायचात, "तिन्नारा, म्याडम?" जेवलात का. तेवढा एकच शब्द तुम्हाला येत होता आणि तो नऊ वर्षं पुरला.

पहिल्याच महिन्यात मी तुमचा वेल्डिंगचा एक टाका नापास केला. भिंग घेऊन मी टाक्याच्या मधल्या भागातली बारीक छिद्रं मोजत होते. तुम्ही रागावला नाहीत. बाजूला उकिडवे बसलात आणि म्हणालात, "मदला टाका कुणीबी चांगला घालतंय. टोक बगा की. माणूस कुटं थांबलाय ते बगा." तुम्ही दाखवलंत तिथं, टाका संपतो त्या जागी, पत्र्याला नखाएवढी खाच पडली होती. ती खाच माझ्या पुस्तकात होती, आकृतीसकट, पण माझ्या डोळ्यांना दिसली नव्हती. त्या दिवसापासून मी कुठलाही जोड टोकाकडून बघायला लागले. हे मला कुठल्याही कॉलेजानं शिकवलं नाही. त्याबद्दल मी तुम्हाला कधी नीट धन्यवादसुद्धा दिले नाहीत.

चार वर्षांपूर्वी तो कडक पत्रा आला. आणला मीच. झीज न होणारं, जास्त ताकदीचं पोलाद. दगड घासून घासून साध्या पत्र्याची चाळण व्हायची तिथं हा पत्रा नवा राहायचा. शिवाय पातळ पत्र्यात काम भागायचं, म्हणून बॉडी हलकी. मालकांसमोर मी त्याच्यावर घण मारून दाखवला, साधा पोचा आला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मात्र गॅसनं कापलेल्या कडेवरून बोट फिरवत होता.

नंतर मला म्हणालात की तळाला आणि बाजूंना हा पत्रा झकास आहे, पण ज्याच्यावर सगळा बोजा तोलला जातो तिथं हा घालू नका. मी तुम्हाला त्या वेळी फार विद्वानासारखं समजावलं होतं. लोखंडसुद्धा थकतं, म्हणाले. एकदाच जोर दिला तर हे पोलाद साध्याच्या दुपटीनं सोसेल. पण गाडी रोज भरते, उचलते, ओतते, खड्ड्यांतून आदळत परत येते. लाखो वेळा थोडा थोडा ताण बसत राहिला की एके दिवशी, नेहमीच्याच वजनाखाली ते तुटतं. आणि वेल्डिंगचा जोड कडक पोलादाला केला काय, साध्याला केला काय, थकायला सारखाच वेळ घेतो. उलट कडक म्हणून पत्रा पातळ घेतला की जोडावरचा ताण वाढतो आणि तो आधी जातो.

"लोकंड दमतंय व्हय?" तुम्ही हसलात. मग हसायचं थांबलात. "आमचा बाप खाणीत होता, म्याडम. त्याचं गुडघं एका दिवसात न्हाय गेलं."

बघा मामा, ही गोष्ट मीच तुम्हाला सांगितली होती. तुम्ही ती मनावर घेतलीत. मी ती परीक्षेपुरती शिकले होते.

पुढच्या वर्षी बिजागरीच्या ब्रॅकेटांचं प्रकरण झालं. हौदा मागे ज्या दोन ब्रॅकेटांवर कलतो, त्यांना जाड, साधा, चिवट पत्रा लागतो. तो पत्रा यायला उशीर झाला आणि गाड्या अडकून पडल्या. कोपऱ्यात कडक पत्र्याचे उरलेले तुकडे पडले होते. मॅनेजरसाहेब म्हणाले, याच्यातून कापा, हा तर जास्तच मजबूत. ड्रॉइंगपेक्षा वेगळा माल वापरायचा तर डेव्हिएशनच्या कागदावर माझी सही लागते. मी गणित केलं. एका वेळच्या वजनाला ब्रॅकेट पुरून उरत होतं. दमण्याचं गणित मी केलं नाही. येत होतं, वेळही होता. पण ते केलं असतं तर मला नाही म्हणावं लागलं असतं, आणि साहेब टेबलापाशी उभे होते. मी कागदावर 'फक्त पाच गाड्यांसाठी' असं लिहिलं, जणू त्या तीन शब्दांनी माझे हात धुतले जाणार होते. मी सही केली.

तुम्ही हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवलात आणि माझ्याकडे आलात. कडा गॅसनं खरबरीत कापल्यात म्हणालात, त्या घासायला हव्यात. वेल्डच्या आधी पत्रा तापवून घ्यायला हवा. टाका कोपऱ्यावर थांबता कामा नये, वळवून पुढं न्यायला हवा, पण या पातळ तुकड्यात तेवढी जागाच नाही. सगळं बरोबर होतं. मी म्हणाले, पाचच गाड्या आहेत, मामा.

तुम्ही माझ्या टेबलावरचा तो कागद उचलून सही बघितलीत.

"तुमची सही हाय म्हणून करतोय, म्याडम. न्हायतर केलं नसतं."

पाचाच्या पुढे ते थांबणार नाही हे मला माहीत होतं. ते एकतीस गाड्यांपर्यंत गेलं. तुम्ही तुमच्या वाट्याच्या गाड्यांची टोकं जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडरनं घासून गुळगुळीत करायचात. ते कळल्यावर साहेबांनी ग्राइंडर सुट्टीत बंद ठेवायचा हुकूम काढला. तो हुकूम फळ्यावर मी वाचला आणि डबा खायला गेले. तुम्ही त्या दिवशीही "तिन्नारा" विचारलंत.

मोडनिंबचा नागनाथ, टिपरचा ड्रायव्हर, खाणीवर खडी ओतत होता तेव्हा डावं ब्रॅकेट तुटलं. भरलेला हौदा वर गेलेला, तो एका बाजूला कलला आणि सगळ्या गाडीला घेऊन आडवा झाला. केबिनमध्ये त्याचा पाय अडकला. गुडघ्याच्या वरून काढावा लागला. त्याचं वय एकोणतीस.

तुटलेले दोन्ही तुकडे माझ्या टेबलावर आले. मी ते धुतले आणि भिंगाखाली धरले. तुटीच्या पृष्ठावर शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा होत्या, एकीबाहेर एक, जुन्या भागात गंज चढलेला. म्हणजे ते त्या दिवशी तुटलं नव्हतं. कित्येक महिने रोज थोडं थोडं तुटत होतं आणि शेवटी बोटभर जागा धरून राहिली होती, ती त्या दिवशी गेली. सगळ्या रेषा एका बिंदूपाशी जमत होत्या. खरबरीत कापलेली कड, पातळ कडक पत्रा आणि वेल्डचं टोक जिथं भेटतात तिथं. तुम्ही येऊन जी जागा सांगितली होतीत, अगदी तिथं. टाका स्वतः निर्दोष होता. कुणाही जाणत्याला ते दोन मिनिटांत कळलं असतं.

साहेबांनी रिपोर्ट मागितला. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही, तसं उघड सांगणारी माणसं ती नव्हेत. एवढंच म्हणाले की मालकांना थोडक्यात हवाय. मी लिहिलं, 'तड्याची सुरुवात वेल्डिंगच्या टोकापासून झाली आहे.' पूर्णविराम दिला. आजपर्यंत मी पुष्कळ वाक्यं लिहिली, त्यात इतकं खरं आणि इतकं नासकं वाक्य दुसरं नाही. कारण कुठल्या पोलादाचं, किती जाडीचं, कुणाच्या सहीचं, हे त्या पूर्णविरामाच्या पलीकडं राहिलं. वरच्या मजल्यावर ते वाक्य गेलं आणि खाली येताना 'वेल्डिंग सदोष' होऊन आलं. ती गाडी कुणी वेल्ड केली होती ते रजिस्टरमध्ये होतंच. भीमराव शिवशरण. दुसऱ्या दिवशी वॉचमनचा हात आडवा आला.

मी वरच्या खिडकीतून बघत होते. तुम्ही भांडला नाहीत. तुमची वेल्डिंगची काच आत राहिली होती, ती कुणीतरी आणून दिली. ती शर्टाच्या बाहीनं पुसून तुम्ही पिशवीत ठेवलीत आणि निघालात. मी खाली आले नाही.

तीन आठवड्यांनी कुमठा नाक्याजवळच्या तुमच्या घरी आले, तेही बाकीचे वेल्डर कुजबुजायला लागले म्हणून. बाबासाहेबांच्या फोटोखाली तुमचं वेल्डरचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं. एमआयडीसीतल्या दुसऱ्या कारखान्यांना बातमी आधीच पोचली होती; कुणी तुम्हाला घेत नव्हतं. तुम्ही खिडक्यांच्या जाळ्या जोडत होता. नागनाथ भावाच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर तुमच्या दारात येऊन, गल्ली ऐकेल अशा शिव्या देऊन गेला होता, हे मामींनी सांगितलं.

तुम्ही मला विचारलंत, रिपोर्टात काय लिहिलंय. मी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं आता तुम्ही बोलाल, आणि मी त्याची तयारी करून आले होते. नोकरी, घरचे हप्ते, नायनांचा, म्हणजे वडिलांचा, दमा, सगळी कारणं ओळीनं लावून ठेवली होती.

"बाकीच्या गाड्यांचं काय?" तुम्ही विचारलंत.

मी म्हणाले, कंपनी बघतेय.

"कोण बगतंय?"

तुम्ही म्हणालात की तीस गाड्या रोज कुठं ना कुठं वर होतायत, त्यांच्याखाली माणसं आहेत. आपण दोघं जाऊन तपासू. तडा शोधायची ती लाल बाटली, जी लावून पुसली आणि वर पांढरी भुकटी मारली की बारीक तडासुद्धा लाल रेघ होऊन वर येतो, ती मिळेल का. मी दुसऱ्या दिवशी लॅबमधून दोन बाटल्या आणून कोपऱ्यावरच्या टपरीपाशी तुम्हाला दिल्या. रविवारी येते म्हणाले.

तो रविवार आला नाही. त्या रविवारी माझ्या चुलतबहिणीचं केळवण होतं. पुढच्या रविवारी मी फोन उचलला नाही. त्यानंतर तुम्ही केला नाहीत.

तुम्ही एकटेच गेलात, एसटीनं आणि मिळेल त्या गाडीवर बसून. सात महिन्यांत अकरा गाड्या बघितल्यात. काही मालकांनी बघू दिलं, दोघांनी ब्रॅकेटं बदललीसुद्धा. काहींनी कंपनीला फोन केला, आणि कंपनीनं तुम्हाला बदनामीची वकिली नोटीस पाठवली. ती नोटीस माझ्या टेबलावरून गेली, मामा. त्यातली तांत्रिक नावं बरोबर आहेत का ते तपासायला. मी एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली.

आणि मग माढ्याच्या स्टँडवर, भर दुपारी, बाकावर बसल्या बसल्या तुमचं हृदय थांबलं. सोलापूरची गाडी लागली तेव्हा कुणीतरी तुम्हाला हलवलं. पिशवीत लाल बाटली, तारेचा ब्रश, बॅटरी आणि कडब्यासारखी वाळलेली अर्धी भाकरी होती.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. मामींनी चहा ठेवला. नर्सिंग करणारी तुमची मुलगी प्रज्ञा माझ्याकडं बघत नव्हती. मी काहीतरी पुटपुटले तेव्हा ती म्हणाली की तिला तेव्हाच वकिलाकडं जायचं होतं, माझ्या नावासकट. तुम्हीच अडवलंत.

"बाबा म्हणाले, म्याडमला समदं कळतंय. येळ लागंल, पण ती बोलंल."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला आली ती चीड, तुमची. ती अजून गेलेली नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये हे ठाऊक असूनही लिहिते. कशाच्या जोरावर ठेवलात तो विश्वास? मी काय केलं होतं तसं? तुम्ही बरोबर होता आणि तरी माझ्या सहीपुढं मान तुकवलीत. चार बुकं शिकलेल्या पोरीची सही म्हणजे काय दगडावरची रेघ होती? होल्डर खाली ठेवला होतात तो पुन्हा उचलायचा नव्हता. माझ्या टेबलावरचा कागद फाडायचा होता. दाराशी येऊन माझ्या आईबापासमोर मला शिव्या घालायच्या होत्या. तुम्ही जोड इतके निरखून बघायचात, मग माझं टोक तुम्हाला कसं दिसलं नाही? माणूस कुठं थांबतो ते बघा म्हणायचात ना. मी पहिल्याच वळणाला थांबले होते.

आणि हे बोलताना मला कळतंय की मी पुन्हा तेच करतेय. दोष वेल्डरवर ढकलतेय.

मामींच्या घरून मी सरळ मोडनिंबला गेले. हायवेलगत नागनाथच्या भावाचं पंक्चरचं दुकान आहे. नागनाथ तिथं खुर्चीत बसून ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधत होता, कृत्रिम पाय शेजारी काढून ठेवलेला. मी कोण ते सांगितलं. मग सगळं सांगितलं, ओळीनं. पत्रा, ब्रॅकेट, पाच गाड्यांची सही, तुमचं बोलणं, ते वाक्य. त्यानं ट्यूब पाण्यातून काढली, मांडीवर ठेवली. पाणी त्याच्या पँटवर ओघळत राहिलं.

"म्हंजी त्या म्हाताऱ्याला मी दारात जाऊन ज्या शिव्या दिल्या, त्या कुणाच्या हुत्या?"

"माझ्या," मी म्हणाले.

मी वाट बघत होते. मला त्या हव्या होत्या. त्यानं दिल्या नाहीत. तुम्ही वारल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. ते सांगितल्यावर त्यानं तोंड फिरवलं आणि हायवेकडं बघत बसला. मग म्हणाला, "तुमाला माफ करायला मी काय बसलेलो न्हाय हितं. गाड्या कुटं कुटं हायत्या ते सांगा. ड्रायवर लोकांचं नंबर हायत माज्याकडं."

त्या आठवड्यात मी रिपोर्ट पुन्हा लिहिला, पूर्णविरामाच्या पुढचा. पत्र्याची जात, जाडी, तुटीचे फोटो, डेव्हिएशनचा कागद, त्यावरची माझी सही, ग्राइंडर बंद ठेवायचा तो हुकूम. अपघाताची नोंद झाली होती त्या पोलीस ठाण्यात दिला, आरटीओत दिला, प्रज्ञाच्या वकिलाला दिला. एक प्रत मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचला आणि अगदी मायेनं म्हणाले की यात सगळ्यात जास्त नुकसान तुमचंच आहे. खरं होतं ते. त्यांच्या तोंडून आलेली पहिली पूर्ण खरी गोष्ट. त्याच दिवशी मी राजीनामा देऊन बाहेर पडले. आता चौकशी लागलीय. माझी पुढची नोकरी, माझी अटक, काय व्हायचं ते होईल. कंपनीच्या कागदोपत्री अजून 'वेल्डिंग सदोष' तसंच आहे; ते काढायला प्रज्ञाला कोर्टात जावं लागेल, आणि ती जाणार आहे.

पाच आठवडे झाले, नागनाथ आणि मी उरलेल्या गाड्या शोधतोय. तो फोन करतो, मी गाडीखाली शिरते. माझ्या हाताची नखं लाल झालीत, जात नाहीत. सोळा गाड्या बघून झाल्या. नऊ ठिकाणी रेघ वर आली. काही मालक कुत्रं अंगावर सोडल्यासारखे बोलतात, काही लगेच गाडी उभी करतात. तिघांनी कर्नाटकात विकून टाकल्यात, त्यांचा पत्ता काढतोय. नागनाथ माझ्याशी कामापुरतं बोलतो. मी त्याहून जास्त मागतही नाही.

काल माढ्याकडच्या एका खाणीवर गेलो. मालक खाटेवर बसला होता. कामाचं सांगितलं तसा तो खाटेवर सरकून बसला. मग म्हणाला, असाच एक म्हातारा आला होता, महिना-दीड महिना झाला असेल, हातात पिशवी घेऊन. "मी त्याला गेटातनंच परत लावला. ऊन लई हुतं. पाण्याचंबी इचारलं न्हाय मी." त्याला तुमच्याबद्दल काही माहीत नव्हतं आणि मी त्याला लगेच सांगितलं नाही. आधी गाडीखाली गेले. तारेच्या ब्रशनं घासलं, लाल मारलं, थांबले, पुसलं, पांढरं मारलं. उजव्या ब्रॅकेटवर बोटभर लांबीची रेघ हळूहळू उमटली. डाव्यावर तिच्या निम्मी. ती गाडी त्या दिवशीही सकाळपासून चार खेपा करून आली होती.

बाहेर येऊन मी त्याला रेघ दाखवली. मग तुमच्याबद्दल सांगितलं, त्याच्या गेटावरून निघून तुम्ही कुठवर पोचलात ते. तो खाटेवरून उठला आणि खाणीच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला. परत आला आणि आपल्या वेल्डरला हाक मारली. जुनी ब्रॅकेटं कापून काढायची, म्हणाला. जाड साधा पत्रा त्याच्याकडं होता.

वेल्डर पन्नाशीचा, खाणीवरच राहणारा. मी त्याला सांगत गेले. कड आधी घास. पत्रा तापवून घे. टाका कोपऱ्यावर सोडू नको, वळवून पुढं ने आणि सपाटीवर संपव, मग टोक घासून काढ. त्यानं ऐकून घेतलं. पहिलं टोक घासल्यावर त्यावरून अंगठा फिरवून बघितला, आणि त्याला ते पटलं हे दिसलं.

"हे कुणी शिकवलं तुमाला?"

मी तुमचं पूर्ण नाव सांगितलं. भीमराव शिवशरण, मंगळवेढ्याकडचे.

"मोटा कारागीर असंल."

"होते," मी म्हणाले. "मी त्यांना कामावरून घालवलं."

नागनाथ पलीकडं गाडीच्या चाकाला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच सरळ. वेल्डरनं तोंडावर काच ओढली आणि दुसऱ्या ब्रॅकेटला हात घातला.